मानवाच्या उद्याची काळजी अमूर्त छायाचित्रांत कशी उतरवावी

माणसाच्या भविष्याबद्दलची काळजी छायाचित्रात आणायची म्हटलं की पहिल्या प्रयत्नात बहुतेकांच्या हातून तेच ते येतं. भेगाळलेली जमीन, धूर ओकणारं धुराडं, तोंडावर मास्क चढवलेलं मूल, काटेरी तार. ही चित्रं खोटी नसतात, पण इतकी पाहिलेली असतात की नजर त्यांच्यावरून घसरते. अर्थ लगेच कळतो, आणि कळला की पाहणारा पुढे सरकतो. अमूर्त छायाचित्र कामाला येतं ते इथे. समोर काय आहे हे चटकन ओळखू येत नाही, म्हणून माणूस थांबतो, आणि थांबला की काळजीला त्याच्या मनात उतरायला सवड मिळते.

पण अमूर्त म्हणजे संदिग्ध अशी एक समजूत आहे आणि तिच्यापायी पुष्कळ काम वाया जातं. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं कॅमेरा हलवून करडे-निळे पट्टे काढत होते आणि त्यांना ‘अनिश्चित उद्या’ असली नावं देत होते. त्या पट्ट्यांना ‘सागरसंध्या’ म्हटलं असतं तरी खपलं असतं. म्हणजे काळजी माझ्या मनात होती, चित्रात नव्हती. तेव्हापासून एक गोष्ट धरून चालले आहे: आकार जितका अस्पष्ट ठेवायचा, तितकी त्यामागची काळजी नेमकी हवी. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका गोष्टीपोटी आहेत.

आधी काळजीचं वाक्य लिहा

कॅमेरा हातात घेण्यापूर्वी कागद घ्या. ‘जगाचं कसं होणार’ हा विषय होत नाही, त्याचं चित्र निघत नाही. त्याऐवजी एकच साधं वाक्य लिहा, ज्यात एखादी वस्तू आणि एखादी क्रिया असेल. ‘मी आज फेकलेलं प्लॅस्टिक माझ्या नातवंडांनंतरही इथेच असेल.’ ‘बर्फात साठलेली जुनी हवा वितळून सुटेल आणि ती परत कुणाला वाचता येणार नाही.’ ‘कुणाच्या तरी एका चुकीनं सगळं एका क्षणात संपेल.’ ‘यंत्रानं घडवलेला चेहरा आणि खरा चेहरा यांतला फरक मला कळेनासा होईल.’ असं वाक्य सुचत नसेल तर अजून फोटोची वेळ झालेली नाही. दोन दिवस थांबा, वाचा, पुन्हा लिहा.

वाक्य झालं की त्याखाली भावनेचा एक शब्द लिहा. आपल्या भाषेनं इथे मोठी सोय करून ठेवली आहे. काळजीच्या छटांना आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत आणि प्रत्येक छटा चौकटीत वेगळी दिसते. धास्ती ही अजून न घडलेल्या गोष्टीची असते, त्यामुळे तिला ताण हवा: धारदार कडा, एका बाजूला लोटलेला आकार, दुसरीकडे नुसती मोकळी जागा. धसका आघातानंतर बसतो. त्याला टोकाचा काळा-पांढरा विरोध आणि जळून गेलेला, तपशील पुसून टाकणारा उजेड शोभतो. घोर रोजचा असतो, हळूहळू पोखरतो. त्याला पुनरावृत्ती हवी, मंद करडे रंग हवेत, लांबलेलं एक्स्पोजर, म्हणजे जास्त वेळ आत घेतलेला उजेड, हवं. आणि हुरहुर असते ती निघून चाललेल्या गोष्टीची. तिला फिकट छटा आणि विरत गेलेल्या कडा लागतात. हे काही शास्त्र नव्हे, पण शटर किती वेळ उघडं ठेवायचं आणि उजेड कुठून घ्यायचा हे ठरवताना हा एक शब्द मला आजवर सर्वांत जास्त उपयोगी पडला आहे.

वस्तूचं काळजीशी खरं नातं हवं

दुसरी पायरी वस्तू निवडण्याची. उदबत्तीच्या धुराचा फोटो काढून त्याला हवामानबदल म्हणता येतं, पण तसं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याची काळजी वाटते त्याच्याशी त्या वस्तूचा प्रत्यक्ष संबंध असला की चित्रात एक वजन येतं, आणि वस्तू ओळखू आली नाही तरी ते जाणवतं.

छायाचित्रणाच्या इतिहासात याची पक्की उदाहरणं आहेत. १८९६ साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आंरी बेकेरेल यांनी युरेनियमचे क्षार काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर ठेवले. काच धुतल्यावर, सूर्यप्रकाश न लागताही, तिच्यावर काळे डाग उमटलेले होते. किरणोत्साराचा शोध असा एका अमूर्त छायाचित्रातून लागला, असं म्हणायला हरकत नाही. २०११ च्या फुकुशिमा अणुवीज केंद्रातल्या दुर्घटनेनंतर शिम्पेई ताकेदा या जपानी छायाचित्रकारानं तीच रीत वापरली. वेगवेगळ्या ठिकाणची दूषित माती गोळा करून त्यानं ती अंधारात फिल्मवर ठेवून दिली. फिल्म धुतल्यावर काळ्या पृष्ठावर पांढरे ठिपके आले, रात्रीच्या आकाशातल्या ताऱ्यांसारखे. पाहणारा आधी त्या सौंदर्यात रमतो, आणि हे ठिपके कशाचे आहेत ते कळल्यावर त्याच्या पोटात गोळा येतो. चित्र तेच राहतं, पण आता ते पहिल्यासारखं पाहता येत नाही.

किरणोत्सारी मातीच्या वाटेला आपण अर्थातच जायचं नाही. पण रोजच्या हाताखालच्या वस्तूंतही हे नातं सापडतं. बर्फ, प्लॅस्टिक, गंजलेला पत्रा, फुटलेली स्क्रीन, वाळलेल्या पाण्याचे क्षारांचे डाग, औषधांची रिकामी पाकिटं, गुंतलेल्या वायरी. वाक्यातली वस्तू शक्यतो तीच घ्या, तिचं प्रतीक नको.

साधनांबद्दल थोडक्यात

शटर (उजेड आत येण्याची वेळ), अॅपर्चर (लेन्सचं भोक, एफच्या आकड्यानं मोजतात) आणि आयएसओ (प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) हातानं ठरवता येईल असा कुठलाही कॅमेरा चालेल, ती सोय देणारा फोनही. भक्कम ट्रायपॉड हवा. जवळून फोटो काढण्यासाठी मॅक्रो लेन्स नसेल तर साध्या लेन्समागे एक्स्टेंशन ट्यूब नावाची पोकळ नळी लावा. तिच्यात काच नसते, त्यामुळे ती स्वस्तही पडते. एक पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा फिल्टर, आणि एक एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच. फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं संस्कार न केलेल्या मूळ रूपात, ठेवा आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर सोडू नका, नाहीतर मालिकेतली प्रत्येक चौकट वेगळ्या रंगाची येईल. साधनांचं इतकंच.

पहिला सराव: प्लॅस्टिकच्या आतला ताण

सुरुवात इथूनच करा असा माझा आग्रह आहे, कारण यात न दिसणारी गोष्ट खरोखर दिसू लागते.

खोलीत अंधार करा. लॅपटॉपच्या किंवा संगणकाच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान पूर्ण पडदाभर उघडा आणि उजेड पूर्ण वाढवा. या पडद्यातून बाहेर पडणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच प्रतलात असतात. आता लेन्सवर पोलरायझर लावा आणि त्याची कडी हळूहळू फिरवा. एका जागी पांढरा पडदा काळाकुट्ट होईल. तिथे थांबा. मग पडदा आणि कॅमेरा यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पारदर्शक चमचा, डबीचं झाकण किंवा मोजपट्टी धरा. पडदा काळाच राहील, पण प्लॅस्टिकमध्ये निळे, जांभळे, पिवळे पट्टे उजळतील.

हे रंग प्लॅस्टिकचे नाहीत. वितळलेलं प्लॅस्टिक दाबाखाली साच्यात ढकललं जातं आणि झपाट्यानं थंड होतं, तेव्हा आतले लांब रेणू ओढलेल्या अवस्थेतच थिजतात. तो ताण कायमचा आत राहतो. त्यातून जाताना प्रकाशाचे दोन भाग वेगवेगळ्या वेगानं पुढे सरकतात, आणि पोलरायझरपाशी ते पुन्हा एकत्र आले की रंग उमटतात. अभियंते हीच रीत वापरून वस्तूवर ताण कुठे येतोय ते तपासतात. पट्टे जिथे दाटीवाटीनं येतात तिथे ताण झपाट्यानं बदलत असतो. वितळलेलं प्लॅस्टिक ज्या बारीक छिद्रातून साच्यात शिरलं, तिथे हे पट्टे बहुधा सर्वांत दाट असतात. वस्तूच्या पाठीमागे किंवा कडेला एखादं खरखरीत टिंब दिसेल, ती ती जागा.

कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, अॅपर्चर एफ ८ च्या आसपास, आणि शटर पाव ते एक सेकंद, उजेड पाहून. वस्तू पडद्यापासून निदान ३० सेंटीमीटर पुढे ठेवा, म्हणजे पडद्यावरचे पिक्सेल फोकसबाहेर जातील. फोनवर काढत असाल तर ध्रुवीकरणाच्या गॉगलची काच फोनच्या लेन्ससमोर धरून फिरवा, काम होतं.

आता खरी मेहनत. हे रंग फार सुंदर असतात, आणि त्या सौंदर्यापायी चित्र फुलपाखराचा पंख होऊन बसतं. त्याला आवर घालायला दोन उपाय आहेत. पहिला, वस्तूची बाह्यरेषा चौकटीतून काढून टाका आणि जिथे पट्टे दाटून काळोखाला भिडतात तेवढाच कोपरा घ्या. चौकटीचा निम्म्याहून अधिक भाग काळा राहू द्या. दुसरा उपाय मला अधिक आवडतो. पारदर्शक मोजपट्टी दोन्ही टोकांनी धरून हळूहळू वाकवा. हातातला दाब वाढेल तसे पट्टे सरकतात, कडांकडे गर्दी करतात. न वाकवलेल्या पट्टीपासून सुरू करून पाच टप्प्यांवर पाच फोटो घ्या आणि तुटण्याच्या अलीकडे थांबा. पाचवं चित्र धास्तीचं असतं. त्यात काहीच मोडलेलं नाही, तरी पाहणारा श्वास रोखतो. कडक प्लॅस्टिक एकदम तडकतं, म्हणून डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि पट्टी चेहऱ्यापासून दूर ठेवा. एक हात मदतीला मिळाला तर फार बरं.

दुसरा सराव: वितळणारा बर्फ

अंटार्क्टिकातल्या बर्फात खोलवर छिद्र पाडून काढलेल्या स्तंभांत निदान ८ लाख वर्षांपूर्वीपर्यंतच्या हवेचे बुडबुडे अडकलेले सापडले आहेत. तेव्हाच्या वातावरणात कार्बन डायऑक्साइड किती होता, ते आपण त्यांतूनच वाचलं. १९५८ साली हवाईतल्या माउना लोआवर या वायूची नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते, आता ४२० च्या पुढे गेले आहेत. इतकं सगळं एका चित्रात मावत नाही. पण बुडबुडा मावतो.

घरच्या बर्फाच्या मधोमध पांढुरकं धुकं असतं, ते हवेचंच. पाणी बाहेरून आत गोठत जातं आणि विरघळलेली हवा आत आत ढकलली जाऊन शेवटी मध्यभागी कोंडली जाते. वाटीभर पाणी गोठवा, तुकडा काळ्या कापडावर ठेवा, आणि एका बाजूनं, किंचित मागून, एकच दिवा द्या. समोरून दिवा दिलात तर बर्फ सपाट दिसेल. मॅक्रोनं थेट बुडबुड्यांच्या रांगांवर फोकस करा. एफ ११ पर्यंत ठीक, त्यापलीकडे विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारीक तपशील मऊ पडत जातो.

एकेक फोटो चांगला येईलच, पण हुरहुर येते ती वेळ एकत्र केल्यावर. कॅमेरा जराही न हलवता दर दोन मिनिटांनी एक असे आठ फोटो घ्या. मग संगणकावर ते एकावर एक ठेवा आणि थरांची अपारदर्शकता खालून वर १००, ५०, ३३, २५, २०, १७, १४ आणि १२ टक्के अशी उतरती ठेवा. अशानं आठही फोटोंना सारखा वाटा मिळतो. जे शेवटपर्यंत टिकलं ते ठसठशीत उमटतं, जे वितळत गेलं ते नुसतं सावट होऊन राहतं. कॅमेऱ्यातच अनेक एक्स्पोजर एकत्र करत असाल आणि तुमचा कॅमेरा उजेडाची नुसती बेरीज करत असेल, तर दोन फोटोंसाठी प्रत्येकी एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), चारांसाठी दोन आणि आठांसाठी तीन स्टॉप कमी करा. बेरीजऐवजी सरासरीची सोय असेल तर ही वजाबाकी लागत नाही.

माणसं नाहीशी होतात ते चित्र

१८३८ साली छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या एका रस्त्याचं छायाचित्र घेतलं. रस्ता वाहता होता, गाड्या होत्या, माणसं होती. पण एक्स्पोजर कित्येक मिनिटांचं, त्यामुळे हलणारं कुणीच उमटलं नाही. कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस तेवढा काचेसारख्या चकचकीत पत्र्यावर राहिला. छायाचित्रात आलेला पहिला माणूस म्हणून त्याची ओळख दिली जाते. मला मात्र त्या चित्रात नेहमी उरलेली माणसं दिसतात, जी होती आणि दिसत नाहीत.

हे आजही करता येतं. दिवसा १० स्टॉपचा एनडी फिल्टर लावला की प्रकाश सुमारे एक हजार पटींनी कमी होतो: एक साठांश सेकंदाचं एक्स्पोजर साधारण १७ सेकंदांचं होतं. १७ सेकंदांत चालणाऱ्या माणसांच्या विरळ छाया राहतात, ३-४ मिनिटांत त्याही जातात. या दोन्हींच्या मधली वेळ शोधा. पूर्ण रिकामा चौक हा नुसता रिकामा चौक असतो. जिथे काहीतरी हलल्याचा संशय येतो पण बोट ठेवता येत नाही, ती चौकट घोराची.

कॅमेरा हलवून काढायची चित्रंही याच कुळातली. त्यासाठी शटर एक अष्टमांश ते एक सेकंद ठेवा आणि हालचाल शटर दाबण्याच्या आधीच सुरू करा, नाहीतर सुरुवातीला एक स्थिर ठसा पडतो. दिशेला अर्थ असतो. गर्दीवरून कॅमेरा उभा खेचला तर माणसांचे धागे होतात, आडवा खेचला तर तीच गर्दी क्षितिज होते. कुठली दिशा घ्यायची ते तुमच्या वाक्याला विचारा.

कॅमेऱ्याशिवाय: सावलीचा कागद

हा भाग लिहिताना हात जड होतो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी हिरोशिमात एका बँकेच्या दगडी पायऱ्यांवर कुणीतरी बसलं होतं. बॉम्बच्या उष्णतेनं भोवतालचा दगड पांढुरका पडला, त्या माणसाखालचा तेवढा काळसर राहिला. त्या पायऱ्या आज तिथल्या शांतता स्मारक संग्रहालयात आहेत. प्रकाशानं काढलेलं हे चित्र आहे, त्याच्यामागे कॅमेरा नाही, छायाचित्रकार नाही. त्याची नक्कल कुणी करू नये. मित्राला भिंतीसमोर बसवून तशी सावली पाडणं म्हणजे दुसऱ्याच्या मरणावर आपलं चित्र उभं करणं आहे. घ्यायचं ते तत्त्व: वस्तू जाते, तिची जागा राहते.

त्यासाठी सायनोटाइप, म्हणजे उन्हात कागदावर निळा छाप उमटवणं. ही रीत इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ अॅना अॅटकिन्स यांनी समुद्री शेवाळांच्या निळ्या छापांचं पुस्तक काढायला सुरुवात केली. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवा. वापरायच्या वेळी दोन्ही समप्रमाणात मिसळून मंद पिवळ्या उजेडात जाड कागदावर ब्रशनं लावा आणि अंधारात वाळवा. हातमोजे घाला, भांडी स्वयंपाकाची नकोत, आणि फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल अजिबात आणू नका, त्यातून विषारी वायू सुटू शकतो. लहान मुलं सोबत असतील तर आधीच लेप दिलेला कागद विकत घ्या, तो सोपा पडतो.

कागदावर काय ठेवायचं? मी एका दिवसात घरातून बाहेर टाकायच्या सगळ्या वेष्टनांपासून सुरुवात केली. गोळ्यांची पाकिटं, बुडबुड्यांचा प्लॅस्टिक कागद, जाळीची पिशवी. पारदर्शक वस्तूंतून प्रकाश झिरपतो आणि आत अनेक निळ्या छटा येतात. उन्हात पाच ते वीस मिनिटं लागतात, लेप निळसर-करडा झाला की झालं. अर्ध्या वेळात काही वस्तू उचलून घ्या. त्यांच्या जागी अर्धवट निळा ठसा राहतो, आणि मला या कामात सर्वांत बोलकी वाटते ती हीच छटा. मग पिवळेपणा जाईपर्यंत साध्या पाण्यात धुवा. निळा रंग पुढच्या दिवसभरात आणखी गडद होतो. उजेडात फिका पडलेला सायनोटाइप काही काळ काळोखात ठेवला तर बराचसा परत येतो, हेही जाता जाता सांगून ठेवते.

पडद्यांची काळजी

कृत्रिम बुद्धिमत्ता, पाळत, खोटे चेहरे यांच्याबद्दल काळजी असेल तर पडद्याचाच फोटो काढा. पडद्यावरची पिक्सेलची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींवर आल्या की लहरींची तिसरीच नक्षी उमटते, जी दोन्हीकडे नसते. एरवी हा दोष मानतात. कॅमेरा अंशाअंशानं तिरका करा, नक्षी वाहू लागेल. पडद्यावर चेहरा स्वतःचाच ठेवा, दुसऱ्याचा न विचारता घेऊ नका.

चौकट आणि रंग

मोजमापाची खूण काढून टाका, हा माझा पहिला नियम. नखाएवढा गंज आणि विमानातून पाहिलेला किनारा यांत फरक कळेनासा झाला पाहिजे. पान, बोट, खिळा असं काही चौकटीत आलं की आकार कळतो आणि कोडं सुटतं. क्षितिजासारखी आडवी रेघही टाळा, कारण ती दिसली की डोळा तिथे निसर्गदृश्य उभं करतो. नाक-डोळ्यांसारखे ठिपके तर अजिबात नकोत. माणसाचं मन कशातही चेहरा शोधतं, आणि एकदा तो दिसला की दुसरं काही दिसत नाही.

रंगांबाबत, लाल-काळ्याच्या मोहात पडू नका. कॅनडाचे छायाचित्रकार एडवर्ड बर्टिन्स्की यांनी १९९६ साली कॅनडातल्या सडबरी इथे निकेलच्या खाणीच्या गाळाचे फोटो काढले. काळ्या जमिनीवरून भडक नारिंगी प्रवाह वाहतो आहे. तो रंग लोहाच्या गंजण्यातून आलेला, म्हणून तो शोभतो. तोच रंग संगणकावर चढवला असता तर पोकळ वाटला असता. मी संस्करणात उजेड, विरोध आणि कातरकाम यांपलीकडे सहसा जात नाही. भेगांचे, कागदाच्या खरखरीचे तयार थर वर टाकू नका. यंत्राकडून चित्र बनवून घेऊन त्याला या मालिकेत बसवणं मला पटत नाही. इथे चित्राची सगळी ताकद हीच आहे की समोर काहीतरी खरोखर होतं आणि त्याचा ठसा पडला. काळा रंग अगदी बंदही करू नका. हिस्टोग्रामची, म्हणजे चित्रातल्या उजेड-काळोखाच्या आलेखाची, डावी (काळोखाची) कड किंचित मोकळी ठेवली तर काळोखात काहीतरी हलत राहतं.

मालिका लावणं

एकटं अमूर्त चित्र पाहणाऱ्याला फार मोकळं सोडतं, म्हणून पाच ते नऊ चित्रांची मालिका करा. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९२२ पासून पुढची काही वर्षं ढगांचेच फोटो काढले, कित्येकांत जमीनही नाही, आणि आपल्या मनःस्थितीशी ते समतुल्य आहेत असं ते म्हणत. एकेक ढग साधा आहे. समूहात ते अस्वस्थ करतात. दुसरं उदाहरण छायाचित्रणाबाहेरचं: हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांचे २०१८ चे तापमानपट्टे. आकडे नाहीत, अक्षर नाही, दर वर्षाला एक उभा पट्टा, निळ्याकडून लालाकडे. क्रम खरा असला की नुसते पट्टेही काय सांगू शकतात ते तिथे पाहावं.

सगळ्या फोटोंच्या लहान प्रती काढून जमिनीवर पसरा. सर्वांत सुंदर चित्र पहिल्या जागी ठेवू नका, ते पुढच्यांना झाकून टाकतं. एकसारखी दोन असतील तर एक उचला. शेवटी आशेचा म्हणून पहाटेचा उजेड चिकटवायची घाई नको. आशा तुमच्या वाक्यातच असेल तर ती वस्तूत सापडेल, नसेल तर उसनी आणलेली दिसेल.

मग तिघांना बोलवा आणि नावं न सांगता दाखवा. ‘हे काय आहे?’ असं विचारू नका, ओळखण्याचा खेळ सुरू होतो. ‘इथे काय होऊन गेलंय, की काय व्हायचंय?’ असं विचारा आणि गप्प राहा. तुम्ही कागदावर लिहिलेल्या शब्दाच्या जवळपासचं कुणी काही बोललं तर चित्र ठेवा. तिघंही ‘छान’ म्हणाले तर पुन्हा पहिल्या वाक्याकडे जा.

नाव आणि भिंत

‘विनाश’, ‘अंत’, ‘शून्य’ ही नावं चित्राचं काम स्वतः करू पाहतात आणि चित्र रिकामं पडतं. मी वस्तू, वेळ आणि तारीख एवढंच लिहिते: ‘मोजपट्टी, पाचवा टप्पा’, ‘वाटीभर बर्फ, चौदा मिनिटं’. कोरडी वाटणारी ही नावं पाहणाऱ्याला दुसऱ्यांदा चित्राकडे पाठवतात.

छपाई मॅट कागदावर करा. चकचकीत कागदावर पाहणाऱ्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, आणि गडद चित्रांत तर नक्कीच. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर ठेवा. नावाची पट्टी चित्राला खेटून लावू नका. एक पाऊल बाजूला, उजवीकडे लावा, म्हणजे आधी चित्र पाहून झालं तरच ती वाचायला कुणी सरकेल.